स्वस्थ बसण्यासाठी एक बाक

त्र्यंबकराव हेर्लेकरांना डॉक्टरांनी स्वस्थ बसायला सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्यांची जी धावपळ सुरू झाली ती चार महिने थांबली नाही.

डॉक्टर म्हणजे आण्णा डॉक्टर. महाद्वार रोडच्या एका बोळात त्यांचा दवाखाना, आणि कोल्हापुरातल्या निम्म्या सरकारी नोकरांचे दंड त्यांच्या त्या प्रेशरच्या पट्ट्यात आवळले गेलेले. त्यांनी त्र्यंबकरावांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पारा बघितला आणि पुन्हा फुगवला.

"वरचा आकडा एकशे सत्तर."

"आणि खालचा?"

"तो सांगत नाही. ऐकून वरचा वाढेल." आण्णांनी पट्टा गुंडाळला. "दिवसभर काय करता?"

"कचेरी."

"आणि संध्याकाळी?"

"कचेरीत काय झालं ते घरी सांगतो."

"म्हणजे पगार एका कचेरीचा आणि काम दोन कचेऱ्यांचं," आण्णा म्हणाले आणि कागद ओढून त्यावर लिहू लागले. गोळी एकच होती. तिच्याखाली मात्र लिहिलं होतं : 'स्वस्थ बसणे. रोज संध्याकाळी अर्धा तास. वाचणे नाही, बोलणे नाही, रेडिओ नाही.'

त्र्यंबकराव कागद खिशात घालून निघाले ते चांगल्याच खुशीत. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी सरकारी खात्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली होती, दोन मुलींची लग्नं उरकली होती आणि रॉकेलच्या रांगेत कधी हार मानली नव्हती. त्यामानाने नुसतं बसणं म्हणजे काहीच नव्हे. एखादं काम इतकं सोपं असेल तर ते आपण इतरांपेक्षा जास्त चांगलं करून दाखवू, अशी त्यांची खात्री होती.

पहिल्या संध्याकाळी ते पुढच्या खोलीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसले. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि त्या वेळी पलीकडे बसून वह्या तपासत होत्या. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" त्र्यंबकरावांनी मानेनेच नाही म्हटलं. बरं वाटत नाही असा त्याचा अर्थ घेऊन त्यांनी सुंठीचा काढा आणला. तेवढ्यात शेजारच्या कुलसुमभाभी विरजण मागायला आल्या. संध्याकाळी सहा वाजता हेर्लेकर डोळे मिटून गप्प बसलेत हे बघून त्या विरजण न घेताच परत फिरल्या आणि त्यांनी आपल्या नवऱ्याला पाठवलं. त्यांचे यजमान दस्तगीरभाई शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साचे करणारे मिस्त्री. ते आले, त्यांच्यामागून वरच्या ब्लॉकमधले दोघे आले, आणि स्वस्थ बसण्याचा तो पहिला अर्धा तास आपल्याला काही झालेलं नाही हे चार माणसांना समजावून सांगण्यात गेला.

पण बातमी फुटली. श्रमसाफल्य सहकारी गृहनिर्माण संस्था अशा भारदस्त नावाच्या त्या कॉलनीत चोवीस ब्लॉक होते, आणि ताण घालवण्याचे उपाय अठ्ठेचाळीस निघाले. कारण प्रत्येक घरातल्या नवरा-बायकोचं त्याबाबतीत एकमत नव्हतं.

कुणी म्हणालं, रंकाळ्याला फेऱ्या मारा. त्र्यंबकरावांनी मारल्या. पहिल्याच फेरीत त्यांना अकरा ओळखीची माणसं भेटली आणि अकरांपैकी नऊ जणांनी आपापल्या अडकलेल्या कागदाचं काय झालं हे विचारलं. कचेरीत हीच माणसं निदान खिडकीच्या पलीकडे असायची. कुणी म्हणालं, काशाच्या वाटीने तुपात तळपाय घासून घ्या, डोक्यातली उष्णता उतरते. उष्णता उतरली की नाही कळलं नाही, पण तळपाय काळेकुट्ट झाले आणि नुकत्याच पुसलेल्या शहाबादी फरशीवर मोरीपासून देव्हाऱ्यापर्यंत ठसे उमटले. ते बघून सरोजिनीबाईंच्याच डोक्यात उष्णता चढली. कुणी शीर्षासन सांगितलं. त्याबद्दल इथे एवढंच सांगतो, की हेर्लेकरांच्या भिंतीवर त्या वर्षी मार्चपासून कॅलेंडर नव्हतं.

शेवटी त्र्यंबकरावांनी स्वतःची अक्कल चालवली. कॉलनीच्या मधोमध मोकळी जागा होती आणि तिथे एक कडुनिंब होता. घरातली लाकडी खुर्ची उचलायची, झाडाखाली ठेवायची आणि बसायचं. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सरोजिनीबाई शाळेतून आल्या त्या ओठ मिटूनच.

"ती खुर्ची आत आणा."

"का?"

"नळावर मला तिघींनी विचारलं, भांडण मिटलं का म्हणून. नवरा खुर्ची घेऊन घराबाहेर बसलाय म्हटल्यावर लोक काय समजणार? बायकोनं बाहेर काढला असंच दिसतं."

"आणि दगडावर बसलो तर?"

"तर खुर्चीसुद्धा दिली नाही, असं दिसेल."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. त्र्यंबकराव रात्रभर विचार करत राहिले आणि सकाळी त्यांना उत्तर सापडलं. तिथे बाक हवा. खुर्चीवरचा माणूस घरातून काढलेला वाटतो. बाकावरचा माणूस आपणहून आलेला वाटतो. बाकाला प्रतिष्ठा असते. आपल्या खर्चाने एक बाक कडुनिंबाखाली ठेवायचा, आठ दिवसांचं काम.

संस्थेचे सेक्रेटरी सयाजीराव हे निवृत्त तलाठी. संस्थेचे नियम त्यांनी तांबड्या फडक्यात बांधून ठेवले होते आणि ते फडकं सोडण्याची संधी ते वर्षानुवर्षं शोधत होते. त्र्यंबकरावांचा अर्ज हातात पडताच त्यांनी चष्मा लावला.

"बाक द्यायला हरकत न्हाय," ते म्हणाले. "पण नियम बगायला पायजे. संस्थेच्या जागेत वस्तू ठेवायची तर ती संस्थेला देणगी म्हणून यायला पायजे."

"दिली देणगी."

"देणगीवर नाव पायजे. बिननावी वस्तू बेवारस धरून तीस दिवसांत सेक्रेटरीच्या ताब्यात जाती."

"मग माझं नाव घाला."

सयाजीरावांनी पान उलटलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हयात माणसाचं नाव चालत न्हाय. मागं पाण्याच्या टाकीला नाव कुणाचं द्यायचं म्हणून मारामारी झालती, तवा हा नियम घातला. नाव मयताचंच पायजे."

"म्हणजे मी मरेपर्यंत बसायचं नाही?"

"बसा की. दुसऱ्याच्या नावावर बसा."

त्र्यंबकरावांना हे अवघड वाटलं नाही. घरात मयत माणसं होतीच. वडील नृसिंहपंत जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या नावानं आजवर काहीच केलेलं नव्हतं. त्यांनी मुरगूडला आपल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पत्र टाकलं. पत्राचं उत्तर आलं नाही. अक्काच आली, पहिल्या एस.टी.ने, आणि उंबऱ्यातूनच सुरू झाली.

"अरे त्र्यंबक, आप्पांच्या नावावर लोकं बसणार?"

"नावावर नाही अक्का. बाकावर."

"आणि नाव कुठं असणार? बाकावरच की. ज्या आप्पांच्या पुढं गावात कुणी बसलं नाही, त्यांच्यावर आता कोण कोण येऊन बसायचं आणि शेंगा खाऊन टरफलं टाकायचं?"

त्र्यंबकरावांनी चाचरत सासऱ्यांचं नाव सुचवलं. सरोजिनीबाई हातातली लाल पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वडिलांवर लोक बसलेले चालतील." अक्का आणि सरोजिनीबाई यांचं अठ्ठावीस वर्षांत त्या एका संध्याकाळी पहिल्यांदा एकमत झालं. त्यानंतर दोघींनी मिळून पिठलं-भात केला आणि त्र्यंबकरावांना निमूट जेवायला घातलं.

इकडे बाक मात्र तयार व्हायला लागला होता. दस्तगीरभाईंनी ते काम आपलं मानलं होतं.

"लाकडी पाय लावायचं न्हाय साहेब, वाळवी खाईल," ते म्हणाले. "आमच्या मालकास्नी विचारलंय. भट्टीत उरलेला माल असतोय. बिडाचं पाय ओततो. तुमच्या नातवाचा नातू बसंल."

"हलका असू दे."

"हलकं बीड अजून निघालं न्हाय."

दस्तगीरभाईंनी आठ दिवस जेवणाच्या सुटीत बसून साचा केला. शिसवी फळ्या आपल्या हाताने रंधल्या. बाक तयार झाला तेव्हा फाउंड्रीतल्या लोकांनी त्याच्यावर बसून फोटो काढला म्हणतात. आता फक्त नाव हवं होतं, आणि नावावाचून संस्थेच्या आवारात बाक आला तर सयाजीराव तो बेवारस धरायला टपलेले होते.

नाव सुचलं ते कचेरीत. त्या दिवशी त्र्यंबकराव जुन्या फायली चाळत होते आणि एका मसुद्यावर त्यांना तांबड्या शाईतला शेरा दिसला : 'हेर्लेकर, हे मराठी कुठे शिकलात?' अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. त्यांच्या आधीचे अधीक्षक, श्रीधरपंत आजरेकर. अकरा वर्षं त्र्यंबकराव या माणसाच्या हाताखाली होते. 'सदरहू' लिहिलं तर आजरेकर ते खोडून 'प्रस्तुत' करायचे, आणि दुसऱ्या दिवशी 'प्रस्तुत' लिहिलं तर 'सदरहू'. साडेपाचला सगळे निघाले की नेमकी हेर्लेकरांचीच फाईल उघडायचे. ते निवृत्त होऊन आजऱ्याला गेले आणि गेल्याच वर्षी वारले. आण्णा डॉक्टरांच्या पट्ट्यातला तो पारा मुळात चढवला कुणी असेल तर या माणसानं.

त्र्यंबकराव त्या शेऱ्याकडे बघत राहिले आणि त्यांना आतून गुदगुल्या झाल्यासारखं झालं. मयत माणूस. घरचा नाही. त्याच्यावर कुणी बसलं तर अक्का एस.टी. पकडणार नाही. आणि रोज संध्याकाळी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, अर्धा तास श्रीधरपंत आजरेकरांच्या नावावर बसायचं. यापेक्षा जालीम औषध कुठल्या दवाखान्यात मिळणार होतं?

"कृष्णात," त्यांनी हाक मारली. कृष्णात हा त्यांच्या हाताखालचा कारकून; चाळिशीचा, झुबकेदार मिशांचा, राशिवड्याकडचा माणूस. "एक अर्ज टाइप कर. देणगी बाकाचा. आणि 'स्मरणार्थ' नीट लिही. परवा 'स्मशानार्थ' लिहिलं होतंस."

"व्हय साहेब," कृष्णात म्हणाला. तो अर्ज त्र्यंबकरावांनी त्याच्याकडून चार वेळा टाइप करून घेतला, तो भाग वेगळा.

नाव लिहायला पिराजी पेंटर आला. त्याने बाकाच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत झोकदार मजकूर काढला. त्र्यंबकराव वाचायला गेले तर मजकूर असा : 'कै. श्रीधरपंत आजरेकर यांच्या प्रेमळ स्मरणार्थ'.

"प्रेमळ कुणी सांगितलं?"

"जागा उरलीती," पिराजी म्हणाला. "मोकळं वाईट दिसतं."

"अहो, त्या माणसात प्रेमळ असं काही नव्हतं."

"मी स्मरणाला प्रेमळ म्हणलंय, माणसाला न्हवं."

रंग वाळला होता. त्र्यंबकरावांनी विचार केला, असू दे. प्रेमळ म्हणून का होईना, बसायला तर मिळतंय.

बाक टेंपोतून आला त्या दिवशी त्र्यंबकराव कचेरीत होते. टेंपोवाल्याला आणि हमालांना घाई होती. त्यांनी बाक उतरवला तो सयाजीरावांच्या न्हाणीघराच्या खिडकीपासून तीन फुटांवर, खिडकीकडे तोंड करून, आणि निघून गेले. संध्याकाळी सयाजीराव अंघोळीला गेले तेव्हा बाकावर कॉलनीतल्या चार बायका भाजी निवडत बसल्या होत्या. सयाजीरावांनी आतूनच नियम क्रमांक सांगायला सुरुवात केली. बायका उठल्या, पण बाक उठेना. दस्तगीरभाईंनी पाय खरोखरच नातवाच्या नातवाच्या हिशोबाने ओतले होते. आठ माणसं लागली. सयाजीराव ओल्या पंच्यानिशी उभे राहून 'डावीकडं, अजून डावीकडं' करत होते, त्र्यंबकरावांच्या पायावर बाकाचा कोपरा आला, आणि शेवटी दिवेलागणीला बाक कडुनिंबाखाली गेला. अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता. तरीही त्र्यंबकराव त्याच संध्याकाळी लंगडत गेले आणि दोन मिनिटं बाकावर टेकले.

"काय आजरेकरसाहेब," ते मनातल्या मनात म्हणाले, "प्रस्तुत की सदरहू?"

त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते गेले तेव्हा बाकावर जागा नव्हती. वरच्या ब्लॉकमधले दोघे, भाजी निवडणाऱ्या दोघी आणि एक परगावचे पावणे शेंगा खात बसले होते. सगळे सरकले आणि त्यांनी त्र्यंबकरावांना प्रेमाने कडेला बसवलं. मग प्रत्येकाने त्यांचं प्रेशर आता कसं आहे ते विचारलं. जी त्यांची एकट्याची जागा व्हायची होती, ती चोवीस ब्लॉकांची चावडी झाली. पण तक्रार कुणाकडे करणार? बाक त्यांचा नव्हता. त्यांच्याच अर्जाप्रमाणे तो संस्थेचा होता.

हे असंच चाललं असतं आणि त्यांनी वेळ बदलून मार्ग काढलाही असता. पण एका शनिवारी सयाजीराव हसऱ्या चेहऱ्याने एक पोस्टकार्ड घेऊन आले.

"नियम चौदाप्रमाणं मयताच्या वारसाला रजिस्टर पत्र घातलंतं. हरकत हाय का म्हणून. उत्तर आलंय."

पत्र आजऱ्याहून होतं, श्रीधरपंतांच्या पत्नीचं. 'माझी काहीच हरकत नाही. यांच्या पश्चात यांच्यासाठी कुणी काही करील असे वाटले नव्हते. येत्या रविवारी बाक पाहण्यास येत आहे. आपली, अंबूताई आजरेकर.'

त्र्यंबकरावांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. आण्णा डॉक्टरांचा पट्टा त्या वेळी दंडाला असता तर फाटलाच असता. अकरा वर्षांत त्यांनी या बाईंना एकदाच, निरोप समारंभात, लांबून बघितलं होतं. ती म्हातारी आता जवळजवळ शंभर किलोमीटर धक्के खात येणार, बाकावरचं 'प्रेमळ' वाचणार आणि आपले पाय धरणार की काय. आणि ज्याच्यावर आपण सूड म्हणून बसतो, त्याच्या नावाने ती डोळ्याला पदर लावणार.

"खरं सांगून टाकू का?" त्यांनी सरोजिनीबाईंना विचारलं.

"काय सांगणार? तुमच्या नवऱ्यावर बसायला मला आवडतं म्हणून?"

"मग काय करू?"

"त्यांच्याबद्दल चांगलं असं काहीतरी आठवा. रात्र आहे तुमच्याजवळ."

त्र्यंबकरावांनी आठवलं. पहाटेपर्यंत त्यांना एवढंच सापडलं, की आजरेकर वेळेवर यायचे.

अंबूताई दुपारच्या गाडीने आल्या. ठेंगण्या, ताठ बसणाऱ्या, नऊवारीतल्या. हातात काजूची पुरचुंडी होती. त्यांनी बाकाभोवती एक फेरी मारली, पिराजीचा मजकूर दोनदा वाचला आणि मग बाकावर बसल्या. सरोजिनीबाईंनी चहा आणला. कॉलनी लांब उभी राहून बघत होती. दस्तगीरभाई मात्र बाकाचा पाय घट्ट आहे ना हे बघण्याच्या निमित्ताने जवळच घोटाळत होते.

"कचेरीत कसे होते हो हे?" अंबूताईंनी विचारलं.

"वेळेवर यायचे," त्र्यंबकराव म्हणाले.

अंबूताई वाट बघत राहिल्या. त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून त्यांनी जे पहिलं तोंडात आलं ते सुरू केलं. सत्तर सालची गोष्ट. एक मोठं विवरणपत्र त्र्यंबकरावांनीच तयार केलं होतं आणि त्यात एक अख्खा तालुका गाळला होता. पुण्याहून विचारणा आली, जबाबदार इसमाचं नाव कळवा. आजरेकरांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं : 'चूक माझी आहे.' ठपका त्यांच्यावर आला आणि त्या वर्षीची त्यांची बढती राहिली. त्र्यंबकरावांनी त्या उत्तराची प्रत फायलीला लावली तेव्हा त्यांना फक्त संताप आला होता. या माणसाला माझी चूकसुद्धा माझ्या नावावर बघवत नाही, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं.

आता बाकावर बसून ते सांगता सांगता ते मध्येच थांबले. सात वर्षं ही गोष्ट ते तक्रार म्हणून सांगत आले होते. तशी ती आज सांगताच येईना. त्या ठपक्यात आपलं नाव असतं तर ही अधीक्षकाची खुर्ची कुठली? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हो, सांगितलं होतं यांनी मला," अंबूताई शांतपणे म्हणाल्या. "मीच विचारलं होतं, तुम्ही का ओढवून घेतलंत? तर म्हणाले, हेर्लेकरला मेमो गेला असता तर त्याचं उत्तर हेर्लेकरनं लिहिलं असतं, आणि ते मला तपासावं लागलं असतं."

सरोजिनीबाईंना ठसका लागला.

"घरी आले की रोज गरम पाण्याच्या घंगाळात पाय बुडवून अर्धा तास गप्प बसायचे," अंबूताई सांगू लागल्या. "डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी विचारायची, आज काय झालं? की म्हणायचे, हेर्लेकर. दुसऱ्या दिवशी, आज काय? हेर्लेकर. कधी कधी पाण्यात पाय असतानाच तुमची वाक्यं म्हणून दाखवायचे. 'सदरहू इसम सदरहू ठिकाणी सदरहू कारणासाठी.' मला तुमची पाच-सहा पत्रं अजून पाठ आहेत."

त्र्यंबकरावांचे कान तापले. "मी... मला वाटायचं, त्यांना मी डोळ्यासमोर नको असतो."

"नकोच असायचात. पण निवृत्त होताना आपल्या जागी तुमचंच नाव त्यांनी लिहून दिलं. म्हणाले, हेर्लेकर आहे म्हणून कचेरी चाललीय, आणि हेर्लेकर आहे म्हणून माझं प्रेशर वाढलंय. दोन्ही खरं आहे, अंबू."

कडुनिंबाच्या दोन लिंबोळ्या टपटप बाकावर पडल्या. अंबूताईंनी त्या बोटाने उडवल्या आणि त्र्यंबकरावांकडे सरळ बघितलं.

"एक विचारू का? कुणी फोटो लावतं, कुणी शाळेत बक्षीस ठेवतं. तुम्ही बाकच का केलात?"

त्र्यंबकरावांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. त्या कप गोळा करू लागल्या. दस्तगीरभाई खाली वाकून पाय तपासू लागले. त्र्यंबकरावांना खोटं बोलता आलं असतं. अकरा वर्षं मसुदे लिहिलेला माणूस, शब्द सापडले असते. पण त्या बाईंच्या समोर ते जमेना.

"बसायला बरं वाटतं म्हणून," ते म्हणाले.

अंबूताई आधी ओठ दाबून हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "मला पत्र वाचल्यावरच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढं वाईट वाटून घेऊ नका. हे मागं राहिले असते ना, तर यांनीही तुमच्या नावाचा केला असता. आणि रोज बसले असते."

मग त्यांनी पुरचुंडी सोडली, सगळ्यांना काजू वाटले, आणि मंडळी काही न बोलता तिथेच बसून राहिली. गाडीची वेळ झाली तेव्हा सरोजिनीबाईंनी घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला होता. त्र्यंबकराव पाऊण तास स्वस्थ बसले होते आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

सोमवारी कचेरीत कृष्णातने एक मसुदा पुढे ठेवला. त्र्यंबकरावांनी सवयीने लाल पेन उचललं, पहिल्या ओळीतल्या 'प्रस्तुत'वर टेकवलं, आणि तिथेच थांबले. त्यांनी मान वर केली. कृष्णात टेबलासमोर उभा होता, हात मागे बांधून, वीज पडायची वाट बघावी तसा.

"कृष्णात, तू कधी प्रेशर तपासलंयस का रे?"

"मागल्या म्हैन्यात आण्णा डॉक्टरकडं गेलतो की. वाढलंय म्हणालं."

"काय सांगितलं त्यांनी?"

"स्वस्थ बस म्हणालं. अर्धा तास."

"मग बसतोस का?"

कृष्णातने मिशीवरून हात फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. "कुठं बसायचं साहेब? आमच्या गल्लीत बाक करायला जागाच न्हाय."

टाइपरायटर थांबले. पलीकडच्या टेबलांवरची सगळी डोकी फायलींत खोल गेली. त्र्यंबकरावांनी लाल पेनाला टोपण लावलं, मसुदा होता तसाच ठेवून सही केली आणि तो परत कृष्णातच्या हातात दिला.

"आमच्या कॉलनीत आहे की," ते म्हणाले. "रविवारी ये. साडेसहाला. सरकून बसू."